सहा शाखांचे शिट्टी आजोबा

मंगळवार, ४ मार्च

आज डॉक्टरबाईंसमोर मी काय बोलून बसले ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कानावर हात ठेवायची सोय उरणार नाही.

वर्कशॉपमधला जुना कॉम्प्युटर सकाळी पुन्हा झोपला. एरवी त्याला थोपटलं की उठतो, आज थपडा माराव्या लागल्या. आमच्या शाखेच्या सगळ्या पेशंटच्या फायली त्याच्या पोटात. कानाचं मशीन दुकानातून आणलं आणि कानात घातलं, असं होत नाही. प्रत्येकाच्या कानाप्रमाणे ते जुळवावं लागतं. कुठला आवाज किती वाढवायचा, कुठला दाबायचा, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. ती सगळी जुळवणी त्या पेशंटच्या फायलीत असते. मशीन हरवलं, पाण्यात पडलं, कुत्र्याने चावलं, तरी फाइल असली की नव्या मशीनमध्ये तेच कान परत मिळतात. फाइल गेली की कान गेले.

आमच्या सहा शाखा. प्रत्येकीचा कॉम्प्युटर वेगळा आणि एकीचं दुसरीला ठाऊक नाही. आमच्या या स्टेशनजवळच्या शाखेचा पेशंट बंदराच्या शाखेत गेला तर तो तिथे परका. डॉक्टरबाईंना या तक्रारींचा वीट आला आहे. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरीला कंपनीची माणसं येणार आहेत. सगळ्या शाखा त्यांच्या सिस्टिमवर टाकू. पेशंट नव्याने मोजायचे, जुळवणी त्यांचं मशीन आपोआप करतं."

"आणि जुन्या फायली?"

"पुसून टाकायच्या. त्यांच्या सिस्टिमला त्या चालत नाहीत."

त्या फायली म्हणजे उस्तादांचं आयुष्य आहे. सहाही शाखांत आठवड्याच्या पाळीने फिरून त्यांनी एकेक कान जुळवला. पेशंटला समोर बसवायचे, नळ सोडून दाखवायचे, कागद चुरगाळायचे, बायकोला सांगायचे की यांच्यावर जरा ओरडा. मग केसभर इकडे, केसभर तिकडे. मला हे काम त्यांनीच शिकवलं. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांनी पांढरा कोट खुंटीला लावला, म्हणाले कंटाळा आला, आणि पुन्हा मशीनला हात लावला नाही. डॉक्टरबाईंनी नवीन टेबलं आणली म्हणून रुसले, असं माझं मत. चहाला मात्र रोज येतात.

तर मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत मला वेळ द्या. प्रत्येक पेशंटची फाइल सहाही शाखांत आणि शिवाय क्लाउडवर तयार करून देते. मग कंपनी कशाला हवी?"

"कशी करणार?"

"कोड लिहून."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी कोडचा संध्याकाळचा क्लास अर्ध्यात सोडला होता हे त्यांना माहीत नाही, हे नशीब. त्या म्हणाल्या, बरं.

बाहेर येऊन उस्तादांना सांगितलं. ते बेसिनपाशी पाठ करून कप धूत होते. मी सगळं सांगितलं, अगदी उत्साहाने, आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. कप पुसला, ठेवला, निघून गेले. एवढा तोरा कशासाठी? त्यांच्याच फायलींसाठी मी सुळावर चढते आहे.

गुरुवार, ६ मार्च

धाकट्या वन्संना शरण गेले. वन्सं म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते. ती सर्व्हर सांभाळणाऱ्या एका ऑफिसात आहे आणि तिला सगळं येतं, असं तिचं म्हणणं.

"वहिनी, तुला क्लास सोडायला कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्या भावाचे डबे करायला कोणी सांगितलं होतं?"

मग शिकवायला बसली. क्लाउड म्हणजे काय, तर कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या जागेत, आपण भाड्याने घेतलेलं कपाट. किल्ली आपली. त्यात हाताने फाइल ठेवता येते, पण हजारो ठेवायच्या तर कोडला सांगायचं: ही फाइल वाच, तिकडे याच नावाची तयार कर, यातलं सगळं त्यात लिही, पुढची घे. शाखांच्या कॉम्प्युटरमध्येही तसंच, फक्त तिथे आधी दार ठोठावावं लागतं आणि पासवर्ड सांगावा लागतो.

कपाट उघडून देताना तिने कुठल्या तरी खणात जाऊन एक बटण चालू केलं. मी विचारलं काय केलंस, तर म्हणे, "तुझ्यासाठी नाही, माझ्या झोपेसाठी." म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. बरोबरच आहे म्हणा, पण तोंडावर कशाला दाखवायचं.

सोमवार, १० मार्च

झाली. माझी पहिली फाइल. मी इथे खुर्चीत, ती तिकडे कुठल्या मुलखात कोण जाणे. नुसती चाचणीची, आत एकच वाक्य, "मी आले." पण ती माझ्या कोडने तयार झाली, मी हाताने केलेली नाही. मी उठून खिडकीपर्यंत जाऊन आले, मग परत येऊन पाहिलं तर ती तिथेच.

प्रत्येक फाइल झाल्यावर कोडने काहीतरी सांगावं लागतं, नाहीतर तो चालतो आहे की मेला ते कळत नाही. वन्संनी इंग्रजीत काहीतरी लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, "झाली बाई एकदाची." ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली, पण बदलू दिलं नाही मी. माझा कोड, माझी भाषा.

शनिवार, १५ मार्च

आठवडा दारं ठोठावण्यात गेला. कोर्टाशेजारची शाखा आत घेईना. तिथल्या व्यवस्थापकांनी पासवर्ड बदलला होता आणि नवा स्वतःच विसरले होते. नदीपलीकडची आत घेते, पण अर्ध्यात बाहेर ढकलते, तिची लाइनच तशी. परवा तिथे मी चाचणीला एका पेशंटची फाइल तयार केली आणि मधेच लाइन गेली. उघडून पाहते तर फायलीत फक्त उजवा कान. डाव्याचा पत्ता नाही. कोणी ती फाइल मशीनमध्ये भरली असती तर बिचारा एका बाजूने बहिरा.

वन्संनी तोड सांगितली. फाइल आधी "अर्धी" नावाने तयार करायची. शेवटची ओळ लिहून झाली, दोन्हीकडची लांबी सारखी आहे हे तपासलं, की मगच तिला खरं नाव द्यायचं. लाइन गेलीच तर "अर्धी" पडून राहील, तिला कोणी हात लावणार नाही. इतकी सोपी युक्ती मला सुचली नाही याचा राग आला. पण मी लिहून काढली तेव्हा तिने एकही चूक काढली नाही, आणि ती चूक काढल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही.

दुपारी वर्कशॉपात गंमत झाली. दुरुस्तीला आलेलं एक मशीन टेबलावर चालू राहिलं आणि त्याने अशी शिट्टी फुंकली की डॉक्टरबाई धावत आल्या, दोन पेशंट कानात बोटं घालून उभे राहिले. उस्ताद शेजारीच बसले होते. ते शांतपणे चहात साखर ढवळत होते. मान वर केली नाही. इतकी वर्षं या आवाजात काढली की माणूस असा दगड होतो. मला असा संयम कधी येणार.

बुधवार, १९ मार्च

आज सगळं चालवलं. आधी शाखांच्या फायली एकामागून एक वाचायच्या आणि क्लाउडच्या कपाटात तयार करायच्या. मग कपाटातून सहाही शाखांत. स्क्रीनवर "झाली बाई एकदाची" ओळीवर ओळ सरकत होती. डॉक्टरबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. "हे काय लिहिलं आहे?" म्हणाल्या. मी म्हटलं, तांत्रिक आहे.

दुपारी जेवणाआधी संपलं. कोर्टवाल्यांनी पेढ्याबिढ्याची भाषा केली. मी घरी पोचले तरी "झाली बाई एकदाची" पुटपुटत होते, हे म्हणाले आजारी आहेस का.

उस्तादांना मुद्दाम फोन केला. उचलला आणि "हॅलो, हॅलो, कोण आहे, उद्या बोलू" म्हणून ठेवला. मोठी माणसं.

गुरुवार, २० मार्च

कपाळमोक्ष.

सकाळी बंदराच्या शाखेतून फोन. शिट्टी आजोबांचं मशीन नव्याने भरलं आणि त्यांनी ते कानातून उपटून टेबलावर आपटलं. म्हणाले, डोक्यात कोणी घण घालतं आहे. मी त्यांची फाइल उघडली. आकडे ओळखीचे वाटले. मग टेकडीवरच्या शाखेतल्या शिट्टी आजोबांची उघडली. तेच आकडे. बाजारातल्या शाखेतल्या शिट्टी आजोबांची उघडली.

हे लिहायलाही लाज वाटते. आमच्याकडे फायलींना पेशंटचं टोपणनाव द्यायची पद्धत आहे. उस्तादांची. ते म्हणत, नंबर बघून मला माणूस आठवत नाही. म्हणून "गाणाऱ्या मावशी", "डावीकडचे मास्तर", "ऐकून न ऐकणारे". आणि ज्याचं मशीन शिट्टी मारतं, तो शिट्टी आजोबा. आता शिट्टी ही मशीनची सगळ्यांत मोठी खोड. सहा शाखा, तर सहा शिट्टी आजोबा. एका शाखेत दोन आले तर दुसऱ्याला "शिट्टी आजोबा, चष्मेवाले" व्हायचं, पण दुसऱ्या शाखेत कोण आहे याची फिकीर कोणाला होती? कॉम्प्युटर वेगळे होते तोवर सगळे सुखाने नांदत होते. मी त्यांना एका कपाटात कोंबलं. कोडने पहिल्या शाखेचे आजोबा ठेवले, मग त्याच नावाचे दुसरे आले तर पहिल्यांवर दुसरे लिहिले, दुसऱ्यांवर तिसरे. शेवटी जे उरले त्यांची फाइल सहाही शाखांत वाटून टाकली. सहा म्हाताऱ्यांना एकाच म्हाताऱ्याचे कान. आणि असे किती, देव जाणे. गाणाऱ्या मावशी तर प्रत्येक शाखेत आहेत.

उस्तादांचं काम टायवाल्या कंपनीपासून वाचवायला निघाले होते. कंपनी यायच्या आत मीच पुसून ठेवलं.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. शाखांना फोन करून सांगितलं की कोणाचंही मशीन भरू नका. मग मला म्हणाल्या, "एकतीस तारीख बदलता येणार नाही, बाई." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २१ मार्च

वन्संच्या ऑफिसात जाऊन तिच्या टेबलापाशी उभी राहिले आणि लहान मुलीसारखी रडले. तिच्या साहेबांनी पाहिलं. पाहू दे.

ती म्हणाली, "रडून झालं की कपाट उघड. मी त्या दिवशी माझ्या झोपेसाठी बटण चालू केलं होतं, आठवतं का?"

ते बटण जुन्या प्रती राखायचं होतं. कपाटात एका फायलीवर त्याच नावाची दुसरी लिहिली, तर जुनी जात नाही, खाली दबून राहते. पांघरुणांच्या घडीसारखी, एकावर एक. वरची तेवढी दिसते. शाखांत काही उरलेलं नाही, पण सगळ्या फायली आधी कपाटातून गेल्या होत्या. म्हणजे सहाही आजोबा तिथे होते, एकमेकांच्या अंगावर पडलेले.

मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "वन्सं म्हणणं बंद करणार असशील तर काढायचा कोड लिहायला मदत करते." मी म्हटलं, तेवढं सोडून काहीही माग.

मंगळवार, २५ मार्च

शनिवार-रविवार स्वयंपाकघराकडे ढुंकून पाहिलं नाही. यांनी भात करपवला आणि स्वतःच खाल्ला.

नव्या कोडला सांगितलं: प्रत्येक नावाखाली दबलेल्या प्रती एकेक उचल, जिची आहे त्या शाखेच्या नावाने वेगळी फाइल तयार कर. शाखा कोणती ते क्रमावरून कळतं, कारण मी शाखा ठरावीक क्रमाने घेतल्या होत्या. फक्त नदीपलीकडच्या शाखेची लाइन गेल्यामुळे ती मी मधेच पुन्हा चालवली होती आणि तिथे क्रम विस्कटला. त्या फायली कोणाच्या हे कोडला कळेना, मलाही.

काल उस्ताद चहाला आले होते. मी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण अडला हरी म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते आकड्यांकडे बघेनात. खाली शेरा असतो तो वाचत गेले, ओठ हलवत. शेरे त्यांनीच लिहिलेले. "भांड्यांचा आवाज खुपतो, दाबला आहे." "बायकोचा आवाज थोडा वाढवला आहे, तिची तक्रार नको." "हे न्हावी, कात्री ऐकू आलीच पाहिजे." एका ठिकाणी थांबून हसायला लागले.

"हे नदीपलीकडचे. हे बाजारातले. या मावशींचा मुलगा बोटीवर असतो, बंदराच्या." भराभर सांगत गेले. एक सोडून सगळे लागले. त्या एका फायलीवर शेराच नव्हता. "त्या दिवशी मला ताप होता," म्हणाले, जसं काही काल घडलं.

जाताना मी मागून म्हटलं, "उद्या या हं, अजून बरंच आहे." ते निघून गेले. हो नाही, नाही नाही. पण आज सकाळी माझ्याआधी येऊन पायरीवर बसले होते. हा माणूस मला कधी कळायचा नाही.

शुक्रवार, २८ मार्च

नावांचा प्रश्न सुटला. मी नंबर हवा म्हणाले, उस्तादांनी तोंड वाकडं केलं. मग तह झाला: आधी शाखा, मग नंबर, आणि शेवटी टोपणनाव. कॉम्प्युटरने पुढचं वाचावं, माणसाने मागचं. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर माझा कोड आता थांबतो आणि विचारतो, "आहे ही. काय करू?" वन्सं म्हणाली की कोडने असं बोलायचं नसतं. मी म्हटलं, आमच्या घरातला बोलतो.

सगळ्या शाखांत पुन्हा तयार केल्या, आणि आता कुठेही फाइल नवी आली किंवा बदलली की कोड ती आपणहून सगळीकडे पोचवतो. उघडून ताडून पाहिल्या, एकेक शाखेने आपापल्या, त्यात शेरा नसलेलीलाही तिची शाखा मिळाली. बंदराचे शिट्टी आजोबा पुन्हा आले, मशीन घातलं, आणि म्हणाले, "आता बरं आहे. परवा कोणाचं डोकं बसवलं होतं मला?" तिथल्या पोरी अजून हसताहेत.

सोमवार, ३१ मार्च

कंपनीचे दोन टायवाले आले. लॅपटॉप उघडून त्यांनी रंगीत चित्रं दाखवली. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडेही एक दाखवायचं आहे."

तेवढ्यात खरंच एक बाई दारात आल्या. ठरवून नव्हे, शपथेवर सांगते. टेकडीवरच्या शाखेच्या पेशंट, इकडे बहिणीकडे आलेल्या, मशीन धुण्याच्या बादलीत गेलेलं. बहीण हातवारे करून त्यांना समजावत होती. मी नवीन मशीन घेतलं, टेकडीची शाखा निवडली, "ऐकून न ऐकणाऱ्यांच्या मिसेस" शोधल्या, फाइल भरली, कानात घातलं.

त्यांनी मान वळवली. मग बहिणीला म्हणाल्या, "तू इतका वेळ माझ्याबद्दल काय सांगत होतीस यांना?"

बहिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोठा टायवाला पुढे वाकून विचारू लागला की हे शाखांमध्ये आपोआप कसं जातं, मध्ये लाइन गेली तर काय, दोघांचं नाव एक असलं तर काय. मी एकेक सांगत गेले. मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येत होतं, कारण प्रत्येक ठिकाणी मी आपटले होते. शेवटी तो म्हणाला, "हे कोणाकडून करून घेतलंत?" डॉक्टरबाईंनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. फायली राहणार. सगळ्या राहणार. डॉक्टरबाईंनी उस्तादांना दोन्ही हात जोडून सांगितलं, आणि उस्ताद, जे कधी कोणासमोर वाकले नाहीत, ते नाक शिंकरत बाहेर गेले.

आज मी माझ्यावर बेहद्द खूश आहे. उगाच विनय कशाला?

गुरुवार, ३ एप्रिल

दुपारी सगळे जेवायला गेले होते. उस्ताद आत आले, दाराला आतून कडी लावली आणि पेशंटच्या खुर्चीत बसले.

"मोज."

"काय?"

"माझे कान मोज, पोरी. आणि तोंड माझ्याकडे करून बोल."

मी मोजले. दोन्ही कानांच्या आलेखाची रेघ बारीक आवाजांपाशी आली आणि कड्यावरून पडावी तशी खाली गेली. शिट्टी, पक्षी, फोन, मागून बोलणारी बाई, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. मी रोज माणसांचे कान मोजते आणि या माणसाला वर्षभर तोरेबाज म्हणत होते.

त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी एका बाईंचं मशीन त्यांनी जुळवून दिलं. त्या म्हणाल्या, शिट्टी वाजते आहे. यांना वाजतच नव्हती. बाईंची नात समोर कान दाबून उभी. त्या दुपारी कोट खुंटीला लावला.

"मला सांगायचं होतं हो. दुसऱ्या दिवशी मशीन बसवलं असतं."

"आधी लाज वाटली. मग टायवाल्यांचं निघालं, त्यांना कळलं असतं तर? बहिऱ्याने जुळवलेल्या फायली कोण ठेवून घेईल? पुसायला तेवढंच निमित्त पुरलं असतं. म्हटलं, आधी त्या जागेवर बसू देत. मग माझं बघू."

त्यांनी शिकवलं होतं तसंच केलं मग. नळ सोडला. कागद चुरगाळला. केसभर इकडे, केसभर तिकडे. त्यांच्यावर ओरडायला बायको हयात नाही, म्हणून मीच ओरडले, आणि खरं सांगायचं तर मनापासून ओरडले. "वर्षभर एकटे बसून राहिलात, एका शब्दाने बोलला नाहीत, लाज नाही वाटत?"

"डावीकडे तुझा आवाज जरा जास्त आहे," ते म्हणाले. "कमी कर."

फाइल तयार केली. नवीन पेशंट, नवीन नंबर, सहा शाखा आणि कपाट. टोपणनावाच्या जागी काय लिहायचं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सुचवलं नाही. "उस्ताद" लिहिलं. सगळीकडे झाली. ते मशीन घालून खिडकीत उभे राहिले, रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि ते सायकल दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मी रडले. ते हसले. जेवायला गेलेली मंडळी दार बडवत होती, आणि या खेपेला ते त्यांनीच आधी ऐकलं.

मंगळवार, ८ एप्रिल

उस्ताद रविवारी मुलीकडे गेले, बंदराच्या गावाला. आराम करणार म्हणाले.

आज सकाळी बंदराच्या शाखेतून फोन आला. "ताई, उस्ताद आले आहेत. म्हणतात डावं मशीन तुम्ही भित्रेपणाने जुळवलं आहे. बदलू का?" मी म्हटलं, त्यांना खुर्ची द्या आणि बाजूला व्हा.

थोड्या वेळाने माझ्या स्क्रीनवर त्यांची फाइल बदलून आली. डावीकडचे दोन आकडे केसभर हललेले. त्यांचं बरोबर होतं, मी खरंच घाबरून जुळवलं होतं. मी चहा घ्यायला उठले, परत येते तर आणखी एक फाइल आली होती. बंदराची, नवी. ही उस्तादांची नव्हती. कुणी बोटीवरचा तांडेल, त्याला इंजिनचा आवाज नको आणि हाक हवी. "जुळवणी कोणी केली" या रकान्यात वर्षभराने त्यांचं नाव होतं.

मग दुसरी आली. मग तिसरी. डॉक्टरबाई पेशंट सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. प्रत्येक फाइल तिकडून निघत होती, कपाटात पडत होती आणि सहाही शाखांत तयार होत होती, शेऱ्यासकट. एका शेऱ्यात लिहिलं होतं, "यांना सून काय म्हणते ते ऐकायचं नाही. तसं जुळवलं आहे."

संध्याकाळी पुन्हा फोन. बंदराच्या शाखेतली पोरगी रडकुंडीला आली होती. "ताई, बंद करायची वेळ होऊन गेली. दारात अजून माणसं बसली आहेत आणि उस्ताद उठायला तयार नाहीत. काय करू?"

मी म्हटलं, "किल्ली त्यांच्या हातात दे आणि तू घरी जा."